चाकाचे सहा बोल्ट

"...म्हणजे चूक लोखंडाची की माझ्या हाताची? एवढंच सांगा, उस्ताद."

सयाजी खुडेच्या तळहातावर चाकाचा तुटलेला बोल्ट होता. तुटल्या जागी तो अजून कोमट होता.

गैबीउस्तादांनी तिकडं पाहिलं आणि चहा गाळायला घेतला.

कुरणवाडी फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उस्ताद पस्तीस वर्षं नांगर, मळणीयंत्रं आणि ट्रॉल्या दुरुस्त करत आले होते. सयाजी आठ वर्षं त्यांच्या हाताखाली होता. गडी ताकदीचा. "सयाजीनं आवळलेला नट देवाच्या बापालाबी सुटायचा न्हाई," असं लोक म्हणत. ते ऐकायची त्याला आता सवय झाली होती.

समोर बाकावर पारूबाई सनगर बसल्या होत्या. स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः चालवणारी बाई. तिची ट्रॉली तिच्या लेकीपेक्षा वयानं मोठी. तिच्या डाव्या चाकाचे नट महिन्याभरात तीनदा सैल झाले होते आणि तिन्ही वेळा सयाजीनं ते आवळले होते. आज ती चौथ्यांदा आली, तेव्हा त्याला राग आला. त्यानं पान्याला चार फुटी पाइप लावला आणि त्यावर उभा राहिला.

कट्ट झालं.

"उद्या सकाळी लेकीचं वऱ्हाड निघायचंय," पारूबाई म्हणाल्या. "बावीस माणसं. खिंड उतरून जायचं. जीप सांगितली होती, तर गोकर्णा म्हणते, आई ट्रॅक्टर चालवणार असेल तर मी आईच्याच मागं बसणार."

"जाईल की," सयाजी म्हणाला. "नवा बोल्ट घालतो. लोखंड हलकं होतं."

उस्तादांनी कप पुढं केला.

"किती आवळलंस?"

"होती नव्हती तेवढी ताकद लावली."

"मग चाकासाठी काय ठेवलंस?"

सयाजीनं चहा घेतला, पण प्यायला नाही.

"चाक काढ," उस्ताद म्हणाले.

महिन्याभरात पहिल्यांदाच ते चाक निघालं. सहा बोल्टांपैकी एक तुटलेला. दुसऱ्याचे आटे झिजून गुळगुळीत झालेले. उरलेले चार बरे दिसत होते.

"दोन बदलतो," सयाजी म्हणाला.

उस्तादांनी एक नवा नट घेतला, पुसला आणि त्या चारांपैकी एकावर बोटानं फिरवला. नट तीन फेरे सरळ गेला आणि अडकला. दुसऱ्यावरही तसंच. तिसऱ्यावर, चौथ्यावरही.

"हे ताणलेत," सयाजी हळूच म्हणाला.

"दोघं आजारी असताना ज्यांनी घर ओढलं, ते धडधाकट कसे राहतील?"

सयाजी मोटारसायकल घेऊन तालुक्याला गेला आणि सहा नवे बोल्ट, सहा नवे नट घेऊन आला. जुने बोल्ट ठोकून बाहेर काढले. नवा बोल्ट हातात घेऊन तो आसाच्या टोकाच्या हबपाशी वाकला, तेवढ्यात उस्तादांनी त्याच्या मनगटावर बोट ठेवलं.

"आधी हात फिरव."

चाक जिथं हबला टेकतं, त्या गोल जागेवर सयाजीनं हात फिरवला. लागलं ते लोखंड नव्हतं. त्यानं नखानं उकरलं. नखात लाल रंगाचा जाड पापुद्रा आला.

त्यानं तो बोटांत चुरला.

"कुणी लावला?" उस्तादांनी विचारलं.

"...मी."

खंडेनवमीला ट्रॉलीची पूजा होती. सयाजीनं चाकं काढली होती आणि चाकं, हब, जे दिसेल ते सगळं लाल रंगवलं होतं. दोन हात. रंग नीट वाळायच्या आधीच चाकं चढवली होती. गावात नाव झालं होतं त्याचं. नवरीसारखी सजवली म्हणत होते लोक.

रंग दबत गेला, चुरत गेला, मधे फट पडत गेली. फट पडली की नट सैल व्हायचा, आणि सयाजी त्याला आणखी पिळायचा.

"तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं, उस्ताद?"

"न्हाई रे. चाक काढल्यावर कळलं. तू तीनदा न काढताच आवळलंस, आणि मी तीनदा इथं बसून बघितलं. चूक दोघांची."

हे ऐकून सयाजीला जास्तच लागलं. तो उठला, हात पुसले आणि पारूबाईंपुढं जाऊन उभा राहिला.

"आक्का, लोखंड हलकं नव्हतं. माझ्या रंगानं झालं हे. पोरीबाळी बसायच्या होत्या त्यात. उद्या खिंडीत काय झालं असतं, ते..." 

पारूबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. मग हसू लागल्या. कपाळाला हात लावून हसल्या.

"अरे बाबा, पहिला हात मारून तू थांबला होतास. आणखी एक मार म्हणून मीच मागं लागले होते! आता तिघांची चूक झाली. खरवड तो रंग. मला घरी हळदीचं बघायचंय."

सयाजीनं तारेचा ब्रश घेतला. डावं चाक झालं. न सांगता त्यानं उजवंही काढलं. तिथंही तोच रंग. बोल्ट मात्र धड निघाले, सहाहींवर नट सरसर फिरला. दुपारभर तो खरवडत होता. लाल भुकटी त्याच्या भुवयांवर बसली होती. खालून राखाडी, कोरडं, साधं लोखंड वर आलं.

त्यावर हात फिरवताना त्यानं विचारलं, "उस्ताद, एवढाले बोल्ट... एवढं ओझं पेलतात कसं?"

"बोल्ट ओझं पेलत नाही."

"मग?"

उस्तादांनी आपला तळवा उघडला. सयाजीचा तळवा त्याला लावून दोन्ही दाबून धरले.

"सरकव."

सयाजीनं जोर केला. हात सरकला नाही.

उस्तादांनी दाब किंचित कमी केला. हात लगेच निसटला.

"मग बोल्ट काय करतो?" सयाजीनं विचारलं.

"चाकाला नि हबला, दोघांना दाबून धरून ठेवतो."

सयाजीनं तोच तळवा खरवडलेल्या हबवर दाबून पाहिला.

नवे बोल्ट बसले. चाक चढलं. सयाजीनं सवयीनं पाइपकडं हात नेला. पाइप जागेवर नव्हता. उस्तादांनी तो पारूबाईंच्या हाती दिला होता आणि तो खांद्यावर टाकून त्या घरी गेल्याही होत्या. मांडवाला एक आडवा दांडा कमी पडत होता म्हणे.

"आता?"

उस्तादांनी बिनपाइपचा पाना दिला.

"समोरासमोरचे आवळ. एक वरचा, एक खालचा. थोडं थोडं."

सयाजीनं तसं केलं. एक फेरी, दुसरी, तिसरी. पाना आपोआप थांबला. त्याच्या दंडात भरपूर ताकद शिल्लक होती. तिचं काय करायचं ते त्याला समजेना.

"एवढंच?"

"एवढंच."

ट्रॉलीत दगड भरून ते ओढ्याच्या पुलापर्यंत जाऊन आले. उतरल्या उतरल्या सयाजीनं पाना लावला. पहिला नट पाव फेरा फिरला. दुसराही.

त्याचं तोंड उतरलं.

"पुन्हा सैल झालं, उस्ताद."

उस्तादांनी मात्र टाळी वाजवली.

"बसलं! बसलं रे!"

"सैल झालं म्हणतोय मी..."

"नवी सून चार पावलं चालली की पदर सारखा करते. तिला कुणी सैल म्हणतं का? आवळ."

सयाजीनं आवळलं. पुन्हा पुलापर्यंत जाऊन आले. या वेळी पाना लावला तर एकही नट जागचा हलला नाही. सयाजीला इतका आनंद झाला की त्यानं उस्तादांना कमरेत धरून उचललं. उस्ताद वरून ओरडत होते, "अरे, मला खाली ठेव! मला बोल्ट न्हाईत!"

सकाळी वऱ्हाड निघालं. पारूबाई नव्या हिरव्या लुगड्यात ट्रॅक्टरवर बसल्या. मागं ट्रॉलीत गोकर्णा, तिच्या दोन आज्या, मावश्या, करवल्या, हलगीवाले. उस्तादही निघाले. बरोबर डाव्या चाकाच्या वर जाऊन बसले आणि हलक्या हातानं फळीवर ताल धरू लागले.

सयाजी खिशात पाना घालून फळीच्या टोकाला उभा होता. हलगी त्याच्या कानात शिरत नव्हती. तो चाकाचा आवाज ऐकत होता.

खिंडीच्या माथ्यावर पारूबाईंनी ट्रॅक्टर थांबवला. खाली वळणावळणाचा उतार, आणि तळाशी नवऱ्याच्या गावची घरं. सयाजीनं उडी मारली. डावं चाक तपासलं. उजवं तपासलं. पुन्हा डाव्याशी आला.

"सगळे घट्ट!" तो ओरडला. "बाराच्या बारा!"

ट्रॉलीत टाळ्या पडल्या. हलगीवाल्यानं हलगीवर थाप मारली. एका आजीनं त्याच्या तोंडात बुंदीचा लाडू कोंबला.

"चढा आता, सयादादा," गोकर्णा म्हणाली. "मुहूर्त टळेल."

पण सयाजी चढेना. काल त्याचा हात कशालाच भीत नव्हता, आज डोळा चाकावरून निघत नव्हता.

"तुम्ही व्हा पुढं. आक्का हळूच घेतील. मी चाकाच्या बाजूनं बघत बघत चालत येतो. उतार संपला की बसतो."

पारूबाईंनी मागं वळून पाहिलं. 

उस्तादांनी आपल्या शेजारची घोंगडी सारखी केली, दोन वीत जागा केली, आणि वाकून आपला तेलकट हात सयाजीपुढं धरला.

"चाक बसलंय आता. त्याच्याकडंच बघत आलास, तर नवरीकडं कोण बघणार? चढ."