दुसरी दवंडी

एका राज्यात राजाचा हुकूम एकटा फिरत नसे. पुढे राजाचा दवंडीवाला हुकूम सांगे, मागून हलगीवाला येऊन त्या हुकमातली खोट सांगे. हलगीचं कडं लोहार आळीचं, कातडं धनगर आळीचं, टिपरू विणकर आळीचं. तिन्ही आळ्यांचे देव वेगळे, भांडणं जुनी. पण हलगीवाला त्या मिळून नेमत, आणि राजाला तो काढता येत नसे.

धवलकेतू गादीवर आला. मांत्रिक भेरुंड म्हणाला, "महाराज, एक राज्य, एक आवाज." राजाने हलगी फोडून तुकडे आळ्यांच्या दारात फेकले. हलगीवाल्या राणबाला सुळी दिलं. लोकांनी कवाडं लावून घेतली.

मग जो एकच दवंडी ऐके, त्याला राजाचा चेहरा येई. तान्ह्या बाळांना मिशा फुटल्या. राजा खूश झाला. पण घोडे राखणारा मोतद्दार स्वतःच्याच तोंडाचा होऊन समोर आला, तेव्हा त्याला गादीची भीती वाटली. हुकूम सुटला: महाराजांचा चेहरा चोरेल त्याचं डोकं उडवा!

मागून खोट सांगायला कोणी नव्हतं.

मारेकऱ्यांनी तोंडाला फडकी बांधली आणि सुरुवात राजवाड्यापासून केली. हुकूम थांबवायला राजा वधस्तंभाकडे धावला.

"अरे, मी राजा!"

"असाल की," पहारेकरी म्हणाला. "सकाळपासून महाराजच येतायत. रांगेत उभे राहा."

"माझी राणी? माझी लेक?"

"घ्या ओळखून."

रांगभर त्याचंच तोंड होतं.

राणबाची मुलगी राही तेवढी स्वतःच्या चेहऱ्याची उरली होती. प्रत्येक हुकमाची खोट ती घरात पुटपुटत असे. वधस्तंभावरून उडालेला एक पोपट तिच्या दारात येऊन बोलला, "राही, हलगीसाठी तीन दारं. सूर्य मावळायच्या आत."

लोहार म्हणाला, "कडं ने. विणकरांसाठी देत नाही, सांगून ठेव."

विणकर म्हणाला, "लोहारांनी दिलं? मग आम्ही काय मेलोय? हे टिपरू."

धनगरांच्या म्हातारीने घोंगडीखालून कातडं काढलं. "तुझ्या बापाच्या वेळी आम्ही कवाडं लावली, पोरी. घे."

वधस्तंभापुढे राहीची हलगी कडाडली. "लोकहो, या हुकमाने राजाचीही मान जाते! मारेकऱ्यांनो, फडकी सोडा, तुमचीही जाते!"

तलवारी थांबल्या. ज्याचा चेहरा त्याला परत आला. राजाच्या पुढची मिशाळ पोर त्याची लेक निघाली.

तुटलेल्या डोक्यांनाही आपापले चेहरे आले. एक भेरुंडाचं होतं. एक राणीचं.

सकाळी दवंडी फिरली: "राणीसाहेब तापाने गेल्या हो!"

मागून राहीची हलगी: "राणीसाहेबांना राजाच्या हुकमाने मारलं हो!"

लेकीला कडेवर घेऊन राजा सज्जात उभा होता. शिपायांना खूण करायला त्याचा हात उठला. खाली तिन्ही आळ्या उभ्या होत्या, एकमेकींपासून अंतर राखून, पण उभ्या. त्यांची कवाडं सताड उघडी होती.

राजाचा हात खाली आला. हलगी पुढच्या आळीत गेली.