नऊ वेळा कांडलेला तांदूळ

फार पूर्वी चंपकावती नगरीत राजा पुष्यधर राज्य करीत असताना बोधिसत्त्व तांदळाच्या व्यापाऱ्याच्या कुळात जन्मला होता. नाव सोमिल. इतर दुकानांत तांदूळ दोनदा कांडत. सोमिलकडे सात वेळा. गिऱ्हाइकाने मूठभर शुभ्र दाणे तळहातावर घेतले की ते पुढे काही विचारीतच नसे. राजाच्या सैन्याच्या छावणीतही त्याचाच माल जाई. निघालेला कोंडा बैलांच्या गव्हाणीत पडे.

एके वर्षी त्याच्या बायकोचे, भद्रिकेचे, पाय बधिर झाले. काटा रुतला तरी तिला कळेना. वैद्य म्हणाले, "हलकं अन्न द्या." हलकं म्हणजे आणखी पांढरं, असं सोमिलने धरलं. तिच्यापुरता तांदूळ तो स्वतः मुसळ घेऊन नऊ वेळा कांडू लागला. महिन्याभरात तिला उभं राहवेना.

एका दुपारी ती अंगणात कोसळली. सोमिल उठेपर्यंत खेमीने तिला उचलून ओसरीवर आणलंसुद्धा. खेमी म्हणजे त्याच्याकडची साठीची कांडपीण.

"खेमे, या वयात हे बळ? खातेस तरी काय?"

"खाणार काय मालक! तुमचा शुभ्र तांदूळ आम्हाला कुठला? बैलांच्या वाटणीतला कोंडा पदरात बांधून नेते. चोरी म्हणा हवं तर. आम्ही साऱ्याजणी त्याच्याच भाकरी थापतो."

"मग तुमच्यात कुणाचे पाय...?"

"इश्श, आमचे कशाला जातात! छावणीतले शिपाई मात्र भिंत धरून चालतात. आमच्या पोरी हसतात त्यांना."

सोमिलला सारं उमगलं. दाण्यातलं सत्त्व बैलांना घालून त्याने उरलेला चोथा पत्नीला भरवला होता, आणि तोही मायेने!

दुसऱ्या दिवसापासून भद्रिकेला कोंड्याची पेज सुरू झाली. पंधरवड्यात ती खांब धरून उभी राहिली. तेव्हा खात्री पटून सोमिल राजाला सारं सांगायला दरबारात निघाला. शेजारचे व्यापारी आडवे आले, "वेडा झालास? गुपचूप माल बदल. कोण विचारतंय?"

"छावणीत आज रात्रीही तोच भात शिजणार आहे," सोमिल म्हणाला आणि चालू लागला.

त्याने सारं सांगितल्यावर राजा उसळला. "माझे शिपाई लुळे केलेस आणि तोंड वर करून सांगतोस? महिनाभर त्यांना तुझा कोंडा घालतो. उठले नाहीत तर तुझं डोकं जाईल."

"चालेल, महाराज. फक्त आजच सुरू करा."

महिना संपला त्या सकाळी शिपाई छावणीतून दरबारापर्यंत पायी आले. भिंतीला कुणाचाही हात नव्हता.

एवढं सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळची खेमी म्हणजे आज विहाराच्या दारात भरड कण्यांची पेज वाढणारी म्हातारी. काल तिची पेज पाहून ज्याने पात्र मागे घेतलं, तो भिक्षू तेव्हाचा राजा. व्यापारी मीच होतो."

तो भिक्षू खाली मान घालून उठला आणि पात्र घेऊन म्हातारीपुढे जाऊन उभा राहिला.

आपल्याच हातून घडलेली चूक जीव पणाला लावून उघड सांगणं, ही बोधिसत्त्वाची सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता.