दोन्ही पावलं पाण्याकडे

एल साल्वाडोर नावाच्या चिमुकल्या देशात एका ज्वालामुखीच्या उताराला बिलगून पोसा मान्सा नावाचं गाव आहे, असं सांगतात. पोसा म्हणजे डोह आणि मान्सा म्हणजे गरीब. आपण गाईला गरीब म्हणतो, त्या अर्थाने. गावाखालून नदी वळते त्या वळणावर हा डोह पडला आहे. त्याचं पाणी दिसायला खरंच गरीब, हिरवट आणि हलतसुद्धा नाही. डोहाच्या काठाला एक सपाट खडक आहे. त्या खडकात लहान पोरांच्या पावलांच्या दोन जोड्या उमटलेल्या आहेत, ओल्या मातीत उमटाव्यात तशा खोल. दोन्ही जोड्यांची बोटं पाण्याकडे आहेत.

पाहुणे आले की त्यांना खडकापाशी घेऊन जायचं काम निन्या तोमासाकडे असतं. निन्या म्हणजे खरं तर लहान मुलगी. पण त्या मुलखात बाईमाणसाला मान द्यायचा तर निन्याच म्हणतात, मग तिच्या तोंडात एक दात उरलेला का असेना. ही म्हातारी खडकावर बूड टेकते, पाहुण्यांना उभंच ठेवते आणि विचारते, "यातलं एक पोर पाण्यात गेलं आणि एक पाण्यापासून पळालं. कोणतं कुठलं, सांगा बघू." पाहुणे वाकून बघतात. दोन्ही पाण्यातच गेलेली दिसतात, असं कुणीतरी म्हणतं. तोमासा मान हलवते. "निकासियोलाही कळायला उशीर झाला," ती म्हणते, "आणि तुमच्यापेक्षा तो पुष्कळ हुशार होता."

हा निकासियो गावात माग काढणारा होता. गाय चुकली, हरीण जखमी होऊन पळालं, कुणाचा नवरा घर सोडून गेला, की लोक त्याच्याकडे यायचे. तो जमिनीकडे नुसता बघायचा आणि जनावर कुठे थांबलं, कुठे बिचकलं, कोणत्या पायाने लंगडत होतं ते सांगायचा. त्याचा शब्द गावात शेवटचा. वयाने मोठ्या माणसाला तिकडे ताता म्हणतात, पण निकासियोला त्याच्या बरोबरीचेही ताताच म्हणत. त्याला ते आवडायचं. माणूस वाईट नव्हता, पण आपल्याला कळतं याचा त्याला फार अभिमान होता.

सगळ्यात मोठा अभिमान होता तो सिपितियोची पावलं वाचता येण्याचा. सिपितियो हे त्या मुलखातलं भूत. भूत म्हणजे काय, एक पोरच. पोट सुटलेलं, डोक्यावर अंगापेक्षा मोठी गवती टोपी आणि पावलं उलटी. म्हणजे टाचा पुढे आणि बोटं मागे. हे पोर कधी मोठं होत नाही. चुलीतली राख खातं, केळ्यासाठी जीव टाकतं, कपडे धुणाऱ्या पोरींना खडे मारतं आणि हसत सुटतं. त्याच्या पावलांमागे जो जाईल तो नेमका उलट्या दिशेला जातो आणि रानात भटकत राहतो. निकासियो तरुणपणी असाच एकदा फसला होता, म्हणे. सबंध दिवस भटकून तो रडकुंडीला येऊन परतला आणि गाव हसलं. तेव्हापासून त्याने त्या पावलांचा असा अभ्यास केला की पुन्हा म्हणून चुकला नाही.

या पोराची आई सिग्वानाबा. तिचं नाव गावातल्या बायका आजही हळू आवाजात घेतात. ती रूपाने फार देखणी होती आणि रूपाच्या नादात तिने आपलं लेकरू उपाशी टाकलं. पोर चुलीतली राख खाऊन जगलं ते त्यामुळे. देवांनी तिला शाप दिला, तेव्हापासून ती नद्यांच्या काठी केस मोकळे सोडून कपडे धूत बसते. पाठमोरी असते तोवर कुणाचीही वाटते. ज्याला जी बाई हवी असेल ती दिसते. ती वळून बघते तेव्हा मात्र तो चेहरा माणसाचा नसतो.

निकासियोच्या घरात तो, त्याची विधवा मुलगी एउलालिया आणि एउलालियाची पोर चोनीता अशी तीनच माणसं. एउलालिया निळीच्या हौदांवर कामाला जायची. तिचे हात कोपरापर्यंत निळे असायचे, कितीही घासले तरी. घरी यायला तिला संध्याकाळ व्हायची, तोवर चोनीता आजोबांपाशी. आई केव्हा येणार, हा त्या पोरीचा दिवसभराचा एकच प्रश्न. उत्तर मिळालं नाही की ती चुलीपाशी बसून ताटलीत राख सारखी करायची आणि उंबऱ्यावर नेऊन ठेवायची. सिपितियोसाठी. निकासियो रागवायचा.

"असल्यांना घरची वाट दाखवू नये," तो म्हणायचा.

"त्याला कुणी जेवायला देत नाही, ताता."

 निकासियो ताटली उचलून आत ठेवायचा.

त्या दिवशी ऊन रणरणत होतं. निकासियो अंगणातल्या दोरीच्या झोळीत आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला. जाग आली ती छातीवर खडा पडला म्हणून. मग दुसरा खडा पायावर आला, तिसरा कपाळावर. कुंपणापलीकडे त्याला गवती टोपी दिसली. टोपीखालून आवाज येत होता. हसणं की रडणं ते त्याला नीट कळलं नाही; हसतोय असंच तो धरून चालला. दाराच्या खांबाला केळ्यांचा घड टांगलेला होता आणि सिपितियो त्याच्या अगदी जवळून दोनदा पळत गेला. केळ्यांकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. डोहाकडच्या वाटेवर जायचा, परत यायचा, खडा मारायचा, पुन्हा जायचा.

निकासियो चवताळून उठला. चुलीतलं पेटतं लाकूड घेतलं, दुसऱ्या हाताने दगड उचलले आणि धावला. एक दगड त्या पोराच्या पाठीत बसला. ते कळवळलं आणि डोंगराच्या अंगाला पळालं. दम लागेपर्यंत निकासियोने त्याला वर हाकलत नेलं आणि मग घाम पुसत, स्वतःवर खूश होत तो खाली आला.

घरात चोनीता नव्हती.

त्याने हाका मारल्या, शेजारपाजार पालथा घातला. माणसं जमली. कुणीतरी धावत जाऊन एउलालियाला हौदावरून आणलं. ती निळे हात तसेच घेऊन आली, धुवायलाही थांबली नाही. अंगणाच्या भुसभुशीत मातीत लहान पावलांची गर्दी उमटली होती आणि तिच्यातून निघालेल्या शेवटच्या ओळीची बोटं डोहाकडे होती. लोक डोहाकडे निघालेसुद्धा. निकासियोने हात आडवा केला.

"थांबा. ही पोरीची पावलं नाहीत. ही त्याची आहेत, मघाशी मीच त्याला वर हाकललं. बोटं खाली दिसतात म्हणजे तो वर गेलाय. पोरीला त्यानेच आधी उचलून वर नेलंय."

पावलं वाचण्यात चूक काहीच नव्हती. पावलं सिपितियोचीच होती आणि तो वरच गेला होता. पोरीची पावलं कुठे असतील, हा प्रश्न मात्र त्याला पडला नाही. डोहाची वाट दगडी होती. तिच्यावर कुणाचंच पाऊल उमटत नसे.

"एकजण तरी खाली जाऊ दे, ताता," एउलालिया म्हणाली. "मला जाऊ द्या."

"माणसं फोडू नकोस. आहेत तीच थोडी आहेत. डोंगर मोठा आहे."

"ताता, मला राहवत नाही."

"माग मी काढतो की तू?"

 बापाचा शब्द एउलालियाने कधी मोडला नव्हता, त्या दिवशीही मोडला नाही. सगळं गाव चोनीताच्या नावाने हाका मारत डोंगर चढलं आणि सगळ्यांत पुढे एउलालिया होती.

माग काढत काढत निकासियो एका मोठ्या शिळेपाशी आला आणि थबकला. इथे ते पोर बसलं होतं. मग शिळेला वळसा घालून पावलं पलीकडच्या उतारावर लागली होती. आता त्यांची बोटं डोंगराच्या शेंड्याकडे होती, म्हणजे चालणारा खाली गेला होता, आडवाटेने, डोहाकडे. शेजारच्यांनी विचारलं, काय दिसतंय?  कळायचं ते निकासियोला तिथेच कळलं असावं. तो उताराने घसरत, ठेचकाळत खाली सुटला आणि मागोमाग सगळे.

डोहाचा काठ तेव्हा खडक नव्हता, चिकणमाती होती. उन्हं कलली होती. चोनीता पाण्यात होती. एउलालिया कपड्यांनिशी आत शिरली आणि पोरीला उचलून घेऊन आली. पोरीचे केस विंचरलेले होते. सकाळी ती झिपऱ्या घेऊन हिंडत होती आणि आता तिची घट्ट, चापूनचोपून वेणी घातलेली होती. अशी वेणी गावात कुणीच घालत नसे. एउलालियाने आधी ती वेणी सोडली. निळ्या बोटांनी एक एक पेड उलगडला. मग तिने हंबरडा फोडला.

निकासियो मात्र मातीकडे बघत होता. त्याला दुसरं काही येत नव्हतं. कुणी सांगितलं नसताना तो मोठ्याने वाचायला लागला.

"ही चोनीता. चालत आली, घाबरली नाही. कुणीतरी आपलं माणूस दिसलं म्हणून आली. हा धुण्याचा दगड ओला आहे. पण धुणाऱ्या बाईचे पाय कुठे नाहीत."

बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"हा तो. डोंगरावरून नाही, या झाडाखालून आला, मी हाकलण्याच्या आधीच. इथे त्याने तिचा हात धरला. टाचा रोवून ओढलं, बघा किती खोल गेल्यात. हा तिच्या बाहीचा तुकडा. इथे तो पडला. परत उठला. इथे पुन्हा ओढलं." तो गुडघ्यांवर बसून पुढे सरकला. "आईच्या हातातून सोडवत होता तो तिला. स्वतःच्या आईच्या. मग जमलं नाही, तेव्हा इथून तो पळाला."

पावलांची बोटं पाण्याकडे होती. एका म्हाताऱ्याने विचारलं, "पाण्यात?"

"नाही," निकासियो म्हणाला. "घराकडे. मला उठवायला."

 एउलालिया पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान वर केली.

"पावलं तुम्ही बरोबर वाचलीत, ताता," ती म्हणाली. त्यापुढे ती बापाशी कधीच बोलली नाही, असं सांगतात.

त्या रात्रीत डोहाकाठची माती दगड झाली. पोरीची पावलं आणि त्या पोराची पावलं, दोन्ही तशीच राहिली. त्यांच्यावर पुढे किती पूर येऊन गेले, पण एक बोटसुद्धा बुजलं नाही. निकासियोने मात्र पुन्हा कधी कुणाचा माग काढला नाही. गावाला एकत्र बोलावून त्याने एवढंच मागणं मागितलं, की या गावात कुणीही हरवलं तर शोधायला निघणाऱ्यांनी एका वाटेने जाऊ नये. जाणता माणूस काहीही सांगो, अर्धी माणसं वर जावीत आणि अर्धी खाली. गावाने तसा शब्द दिला.

आणि दर संध्याकाळी तो उंबऱ्यावर ताटलीत राख ठेवून शेजारी बसू लागला. चोनीता करायची तशी हाताने सारखी केलेली. वर एक सोललेलं केळं. गावातल्या बाकीच्या घरांनीही त्याचं पाहून राख ठेवायला सुरुवात केली. त्या घरांच्या ताटल्यांत सकाळी बोटं फिरवल्याच्या खुणा दिसायच्या, केळं गेलेलं असायचं. निकासियोची राख सकाळी जशीच्या तशी असे. तो ती फेकून द्यायचा आणि संध्याकाळी नवी ठेवायचा. मरेपर्यंत त्याने त्यात खंड पाडला नाही. शेवटी तो उंबऱ्यावरच गेला, ताटलीशेजारी.

आजही पोसा मान्सात कोंबडी चुकली तरी शोधायला दोन टोळ्या निघतात, एक डोंगराकडे आणि एक डोहाकडे. कोंबडी शेजारच्या परसात ओरडताना ऐकू येत असली तरी. बाहेरगावचे लोक यावर हसतात. गावातलं कुणी हसत नाही. अंगणात खडा पडला की माणूस आधी दार उघडतो आणि विचारतो, "काय झालं रे?" दगड कुणीच उचलत नाही.

निकासियोचं घर केव्हाच पडलं. उंबरा तेवढा शिल्लक आहे. परतीच्या वाटेवर निन्या तोमासा पाहुण्यांना तिथे थांबवते. उंबऱ्यावर ताटली असते आणि ताटलीत राख, वरून हात फिरवून सारखी केलेली. गावातल्या बायका पाळीपाळीने ती ठेवतात. तोमासा वाकून बघते. राखेवर कुठेही बोट उमटलेलं नसतं. ती ताटली वाटेकडेला रिकामी करते आणि झग्याला हात पुसते.

"अजून रागात आहे पोर," ती म्हणते. "राहू दे. संध्याकाळी दुसरी ठेवू."