गादीतल्या पेशी

"पण बाई, त्या पेशींना कोणी मारत नाही. त्या आपणहून मरतात!"

मणक्यांवर संशोधन करणारे डॉ. उदयन साबडे आपल्या जुन्या गुरूंना समजावत होते. दप्तरदार बाईंनी मिरजेत आयुष्यभर शरीररचना शिकवली. आता कंबर गेली होती, म्हणून त्या ओट्याला टेकून उभ्याच होत्या. चहा उकळत होता, आणि त्याही.

"दोन मणक्यांच्या मधल्या गादीत पेशी मुळात मूठभर," साबडे म्हणाले. "त्याच तिला ओली ठेवतात. त्या मेल्या की गादी सुकते, चपटी होते, माणूस वाकतो. मी तिथं नव्या पेशी सोडणार आहे. हाताखाली फक्त एक हुशार मुलगी हवी. तुमच्या ओळखीतली. मागं पाठवली होतीत, त्या पौर्णिमासारखी."

बाईंनी गॅस बंद केला.

"पौर्णिमाचं काय झालं?"

"तिनं आपणहून काम सोडलं."

"ती आता घरात भिंतीकडे तोंड करून पडून असते," बाई म्हणाल्या. "हाडाची अभ्यासू पोर मी तुझ्या हाती दिली होती, उदयन."

साबड्यांचा पारा चढला. चूक दाखवली की त्यांचा तो नेहमीच चढतो.

"मग मी काय केलं तिला? यंत्रं होती, वसतिगृह होतं, जगभरची पुस्तकं होती. कमी काय होतं तिला? मी तर भिंतीपलीकडेच बसायचो!"

"तुझ्या दाराबाहेर उभं राहून तिचे पाय दुखायचे म्हणे."

"मला कामं असतात, बाई."

मग शांतपणे, तोंडी परीक्षेत विचारायच्या तसं, बाईंनी विचारलं, "गादीतल्या पेशींना अन्न कुठून मिळतं?"

"तिथं रक्तवाहिन्या पोहोचत नाहीत. रक्त शेजारच्या मणक्यात असतं. मधल्या पातळ पडद्यातून अन्न झिरपतं."

"तो पडदा टणक झाला तर?"

"झिरपणं थांबतं. पेशी उपाशी..."

साबडे अडखळले.

"आणि तुझ्या नव्या पेशी काय खाणार?"

"तो पुढचा प्रश्न आहे!" साबड्यांचा आवाज चढला. "तुम्ही आधी मुलगी द्या."

बाईंनी कपात चहा ओतला. खिडकी उघडली, कप बाहेरच्या कट्ट्यावर ठेवला आणि खिडकी लावून घेतली. कडीवर हात ठेवून त्या तिथंच उभ्या राहिल्या.

"हे काय, बाई?"

"तुझा चहा."

काचेवर वाफ धरली. हळूहळू तीही गेली.

"हा काय पोरखेळ आहे!" साबडे ओरडले. "पहाटेपासून पोटात काही नाही माझ्या!"

बाईंचा हात कडीवरून हलला नाही.

"कमी काय आहे तुला? काचेपलीकडेच तर आहे."