नखाएवढा माणूस

"...मग ह्यात चुकलंय काय, ते तरी सांगा."

शिवलीलाने टॅबलेट म्हाताऱ्याच्या पुढ्यात धरला होता. पडद्यावर एक योद्धा. बाजेवर बसलेला केराप्पा बहुरूपी त्या योद्ध्याकडे बघत नव्हता.

तो तिच्याकडे बघत होता.

तिने पुन्हा विचारलं. त्याची नजर हलली नाही.

शिवलीला बिराजदार सोलापूरची. वडील चादरीच्या कारखान्यात मागावर. लहानपणी फोनवरचे खेळ खेळताना ती शत्रूला मारायचं विसरून त्याच्या चिलखतावरची नक्षी बघत बसे, आणि हरे. हरली की तेच चिलखत वहीत काढी. असले खेळ कुणीतरी बसून रंगवतं, त्याची नोकरी असते, हे घरच्यांना पटायला दोन वर्षं गेली. पटल्यावर मात्र वडिलांनी स्वतः पुण्याला नेऊन तिला त्या शिक्षणाला घातलं.

तीन वर्षं ती वर्गात पहिली होती. हे तिला माहीत होतं. इतरांनाही माहीत असावं, अशी तिची अपेक्षा असे.

मग बाणेरच्या एका स्टुडिओत तिची मुलाखत झाली. तिथल्या मुख्य चित्रकार काळसेकर मॅडम. त्यांनी तिचे बारा योद्धे पाहिले. चिलखताचे टाके पाहिले, भुवईतला एकेक केस पाहिला. मग त्यांनी बाराही चित्रं लहान केली, अंगठ्याच्या नखाएवढी, आणि पार काळी करून टाकली. नुसत्या सावल्या उरल्या.

"ह्यातला सेनापती कोणता?"

शिवलीलाचं बोट बारा सावल्यांवरून फिरलं आणि परत आलं.

"काम फार सुंदर आहे," मॅडम म्हणाल्या. "पण हा एकच माणूस आहे. बारा वेळा कपडे बदललेला."

त्यांचा नवा खेळ एका बाजारात घडत होता. पडद्यावर एका वेळी पन्नास माणसं, प्रत्येक नखाएवढा. खेळणाऱ्याने चालीवरून माणूस ओळखायचा. एकच जागा रिकामी होती आणि ती चार महिन्यांनी भरायची होती. तोवर एक माणूस तयार करून आण, असं त्यांनी सांगितलं. चालणारा.

शिवलीला रडली नाही. चिडली.

घरी आईने ऐकून घेतलं आणि आपल्या माहेरच्या केराप्पाची गोष्ट काढली. मंगळवेढ्याच्या पुढे, कोरेवाडीत. हा बहुरूपी नुसता वेशीतून चालत आला तरी लोक उठून उभे राहत. कधी तलाठी समजून, कधी फौजदार समजून. एका लग्नात तर त्याला नवरीचा मामा समजून आहेरसुद्धा झाला होता. आता ऐंशीच्या घरात आहे, पण आहे.

शिवलीला मामाकडे राहायला गेली ती काही शिकायला नव्हे. जुन्या कलाकाराला समोर बसवावं, त्याचं चित्र काढावं, चार दिवसांत परत यावं, असा तिचा बेत होता. जाताना आपले योद्धेही दाखवावेत. म्हाताऱ्याने तोंडात बोट घालावं, एवढीच इच्छा.

आता तोच म्हातारा योद्धा सोडून तिच्याकडे बघत होता. मग त्याने समोरच्या गोठ्याकडे बोट केलं. ती पाटी तिकडं भिंतीला टेकवून ये, म्हणाला.

ती टेकवून आली. बाजेपाशी उभी राहिली.

"आता सांग. कोन हाय?"

तिने डोळे बारीक केले. भिंतीपाशी एक रंगीत डाग होता.

"इथून दिसत नाही बाबा."

"मानूस मागनं येतो," केराप्पा म्हणाला. "चाल आधी येती."

तिथून दोन-सव्वादोन महिने ती कोरेवाडीतून हलली नाही.

केराप्पाने काही शिकवलं, असं म्हणणं कठीण आहे. तुझ्या यंत्रातलं मला कळत नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मंगळवारी गावचा बाजार भरे. पाण्याच्या टाकीपाशी बसायचं, रस्त्याने लांबून येणारा माणूस कोण ते तोंड दिसायच्या आत ठरवायचं, आणि संध्याकाळी येऊन सांगायचं. एवढंच काम. तो स्वतः गुडघ्यामुळे बाजेवरच असे.

पहिल्या मंगळवारी तिने ज्याला मास्तर ठरवलं तो खाटीक निघाला. ज्याला दारुडा ठरवलं, त्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता.

केराप्पा ऐकून घेई आणि एकच गोष्ट विचारी.

"दुखतंय कुटं?"

"कुणाचं?"

"येनाऱ्याचं."

म्हातारा बरळतो, असं तिला वाटलं. मामीजवळ तिने तसं बोलूनही दाखवलं.

तिसऱ्या मंगळवारी एक बाई आली. हात रिकामे, डोक्यावर काही नाही. पण चालताना कंबर एका अंगाला काढलेली आणि डावं कोपर बाहेर. कडेवर मूल घेतल्यासारखं. मूल कुठेच नव्हतं.

शिवलीला बघत राहिली.

बाजाराला आलेली मामी म्हणाली, पाच पोरं वाढवली तिनं. शेवटचं या जूनमध्ये शाळेत गेलं.

त्या दिवशी शिवलीलाने वहीतली पागोटी आणि लुगडी खोडून टाकली. ती खांदे बघू लागली, टाचा बघू लागली. कोण कुठला पाय जपून टाकतो ते बघू लागली. एक वही संपली. दुसरी संपली. येणाऱ्या माणसाबद्दल ती आता चुकेनाशी झाली. बाजारकरी गमतीने तिला विचारू लागले, पोरी, तो बांधावरून कोण येतोय गं. ती मान वर करी आणि नाव सांगे.

आठव्या मंगळवारी ती केराप्पासमोर वह्या टाकून उभी राहिली.

"आता कुणीही येऊ दे, बाबा. ओळखते."

"कुनीबी?"

"कुणीही."

केराप्पाने वह्यांना हात लावला नाही.

"मग पुढल्या बाजाराला मी येतो," तो म्हणाला. "वळख."

त्या मंगळवारी शिवलीला दिवस उजाडताच टाकीपाशी जाऊन बसली. पाणी प्यायलाही उठली नाही.

एक आंधळा भिकारी आला. तिने त्याची काठी न्याहाळली. नाही. एक जटावाला बैरागी आला. त्याच्या मागे ती मारुतीच्या देवळापर्यंत गेली. तोही नाही. मग एक कासारीण आली. मनगटं जाड, पावलं पुरुषी, पदर नाकापर्यंत ओढलेला. शिवलीलाची खात्री पटली. ती पुढे झाली आणि हसून म्हणाली, "बाबा, ओळखलं."

कासारणीने पदर मागे सारला. डोळे तपासायला कुठल्या गावी जावं, हे तिने अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

बाजार मोडला. दुकानांची पालं उतरली. केराप्पा आलाच नव्हता.

ती तरातरा त्याच्या घरी गेली. म्हातारा नेहमीसारखा बाजेवर. शेजारी पिशवी. पिशवीत वांगी आणि गुळाचा खडा.

तिने विचारलं, सोंग कोणतं घेतलं होतं.

"कसलं सोंग? घरातनं उठलो. गूळ घेतला. वांगी घेतली. तुझ्या म्होरनं तीनदा गेलो."

अंगात तीच बंडी. डोक्यावर तोच टॉवेल.

"पण मी तर तुम्हाला..."

ती थांबली.

दोन महिने ती या अंगणात येत होती. येई, वह्या उघडी, बोलत सुटे. बरोबर का चूक तेवढं ऐके आणि निघून जाई. बाजेवर कोण बसलंय, ते बसलेलं माणूस उठतं कसं... तिने एकदाही बघितलं नव्हतं.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने वह्या गोळा केल्या.

"बाबा... एकदा चालून दाखवता?"

"दाकवलेली चाल काय कामाची?"

दुसऱ्या दिवशी ती आली ती रिकाम्या हातांनी. वही नाही, टॅबलेट नाही. अंगणात बसून राहिली. दुपारी केराप्पा तंबाखू आणायला उठला. ती मागून निघाली, चार हात अंतर ठेवून.

उजवा खांदा वर होता. सोंगांची पेटी चाळीस वर्षं त्याच खांद्यावरून गावोगाव हिंडली होती. डावा गुडघा वाकत नव्हता, म्हणून तो पाय बाहेरून अर्धा फेर घेऊन पुढे पडे. मान खाली. एक थकलेला म्हातारा, बस्स.

गल्लीत पहिलं घर आलं. दार बंद होतं.

आणि दारासमोर केराप्पा ताठ झाला.

खांदे एका रेषेत आले. मान उठली. दोन पावलं तो तिशीतल्या माणसासारखा चालला. दार मागे पडलं, तसा परत वाकला. पुढचं दार आलं... परत ताठ. त्याला स्वतःला ते ठाऊक नव्हतं.

शिवलीला गल्लीच्या मध्यात उभी राहिली. चाळीस वर्षं दारोदार उभं राहिलेलं सोंग अजून त्या अंगात होतं.

आठ दिवस ती अशी मागून चालली. केराप्पा एकदाही वळला नाही. नवव्या दिवशी ती पुण्याला गेली.

तिने पडद्यावरच्या माणसाला तोंड काढलं नाही. सुरकुत्या काढल्या नाहीत, बंडीला टाके घातले नाहीत. तीन रंग वापरले. सगळे दिवस तिने त्या गुडघ्यावर, त्या खांद्यावर आणि त्या दोन ताठ पावलांवर घालवले. चार वेळा पूर्ण करून चार वेळा पुसलं. पाचव्या वेळी तिने स्वतःच त्याच्याकडे बघितलं आणि नकळत वाट द्यायला बाजूला सरकली. तेव्हा हात थांबवला.

ठरल्या दिवशी काळसेकर मॅडमनी तो माणूस एकदा चालवून पाहिला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्यांनी आपल्या आठ चित्रकारांना टेबलांवरून उठवून बोलावलं. एकदाच बघा, म्हणाल्या, आणि म्हाताऱ्याला पडद्यावरून एकदा नेलं. मग त्याला इतर एकोणपन्नास माणसांच्या गर्दीत सोडलं. सगळे काळे केले. सगळे नखाएवढे.

"कुठे आहे?"

आठ बोटं एका जागी गेली.

पडद्यावरचा म्हातारा फेर घेत घेत एका दारापाशी आला. ताठ झाला. मागे उभ्या असलेल्या एका चित्रकाराने आपली पाठ सरळ केली.

मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि ती खोलीभर पसरली.

मॅडम शेवटपर्यंत पडद्याकडेच बघत होत्या. "सोमवारपासून ये," त्या म्हणाल्या. "आणि उरलेली एकोणपन्नास माणसंही तूच कर. ही आता चालायची नाहीत."

शिवलीलाने जिन्यातूनच वडिलांना फोन लावला. मागांच्या खडखडाटात त्यांना काही ऐकू येईना. तेव्हा त्यांनी माग बंद केला. भर पाळीत स्वतःहून माग बंद करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

"आता परत सांग," ते म्हणाले.

तिने परत सांगितलं. पलीकडून त्यांचा आवाज आला, पण तो तिच्यासाठी नव्हता. ते शेजारच्या मागवाल्याला ओरडून सांगत होते.

रविवारी ती पेढे घेऊन कोरेवाडीला पोचली. केराप्पा बाजेवर. त्याची सून कस्तुरा चुलीपुढे भाकरी थापत होती. शिवलीलाने अंगणातूनच फोन वर धरला आणि नखाएवढा माणूस चालवला.

कस्तुराचे पिठाचे हात थांबले.

"अगं बया," ती म्हणाली. "मामंजी."

शेजारणी आल्या. टाकीपाशी बसणारे दोघेतिघे आले. कासारीणही योगायोगाने गावातच होती. तिनेही मान वाकडी करून पाहिलं, आणि आता डोळे बरे झालेले दिसतात, असं म्हणून दोन पेढे उचलले. फोन या हातातून त्या हातात फिरत राहिला. ज्याच्या हातात जाई, तो आधी फोनकडे बघे आणि मग बाजेकडे.

सगळ्यात शेवटी तो केराप्पाच्या हातात आला.

त्याने तो डोळ्यांपासून लांब धरला. म्हातारा चालत होता. दार आलं, ताठ झाला. दार गेलं, वाकला. केराप्पाने ते तीनदा पाहिलं. त्याचा अंगठा काचेवर त्या माणसाशेजारी टेकला होता...

"आठ जण होते, बाबा," शिवलीला हळूच म्हणाली. "तुम्हाला कधी पाहिलेलं नाही त्यांनी. तरी एका नजरेत ओळखलं."

"समद्यांनी?"

"सगळ्यांनी."

केराप्पाने फोन तिच्या हातात दिला. तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोच हात मग तिच्या खांद्यावर टेकून तो बाजेवरून उठला.

"मग आता सोंग बदलाय पायजे."