म्हाळूमामाचं डेन्मार्कातलं जेवण

कुठल्याशा गावात एक भोळा मामा होता. नाव म्हाळू. सांगितलेलं सगळं ऐकायचा, आणि तेवढंच ऐकायचा. त्याची भाची रेवती डेन्मार्कला राहायची. तिने त्याला हौसेने बोलावून घेतलं. तिथली माणसं डॅनिश बोलतात, पण आपल्या गोष्टीत मराठीच बोलतील. नाहीतर आपल्याला काय कळणार?

एके दिवशी रेवती कामाला निघाली. म्हणाली, "मामा, कोपऱ्यावरच्या जुन्या खानावळीत जेवून ये. बाळाला ढकलगाडीतून ने. इथे गाड्या दाराबाहेरच ठेवतात, बाळं मोकळ्या हवेत झोपतात. झोपलं असेल तर अजिबात हलवायचं नाही. आणि मामा, माझा सगळा जीव त्याच्यात आहे बघ. नीट घरी आण."

"बरं," मामा म्हणाला.

वाटेतच बाळ झोपलं. मामाने गाडी खिडकीसमोर उभी केली आणि आत एकटाच ऐटीत जाऊन बसला. वाढणाऱ्या बाईंनी काळ्या पावाचा तुकडा आणला. वर मासा, माशावर कांदा. मामा हाताची घडी घालून बसून राहिला.

"काका, जेवत का नाही?"

"वरचा पाव यायचाय."

"वरचा पाव नसतोच हो. इथे झाकत नाहीत. उघडंच ठेवतात."

"बरं."

शेजारच्या टेबलावर एक आजोबा टोपी घालून जेवत होते. मामाने उठून त्यांची टोपी काढली. आत गुळगुळीत टक्कल.

"इथे झाकत नाहीत," मामाने त्यांना समजावलं.

आजोबा लालबुंद झाले. बाई धावत आल्या. "काका, पेला उचला, त्यांच्या डोळ्यांत बघा आणि 'स्कोल' म्हणा! इथे डोळ्यांत बघितल्याशिवाय घोट घेत नाहीत."

"बरं."

मामाने तसं केलं. आजोबा खुदकन हसले, टोपी घालून घरी गेले. आणि नेमका तेव्हाच मामाला ठसका लागला. समोर पाणी होतं, पण बाई पाठमोऱ्या झाल्या होत्या. डोळे कुणाचे आणायचे? मामा पेला घेऊन थेट स्वयंपाकघरात घुसला. टोपलीत एक भलामोठा मासा होता. त्याच्या डोळ्यांत टक लावून मामा म्हणाला, "स्कोल!"

मासा काही बोलला नाही. पण त्यानंतर ताटातला मासा मामाला गिळवेना. आत्ताच तर त्याच्या भावाशी ओळख झाली होती.

बाईंनी डोक्याला हात लावला. उरलेला तुकडा पुडीत बांधून दिला. "मागे काही टाकून जायचं नाही, काका. राहिलेलं सगळं घरी न्यायचं."

"सगळं?"

"सगळं!"

"बरं."

मामा बाहेर आला. दाराशी आता गाड्यांची रांग लागली होती. आया आत निवांत जेवत होत्या. मामा हळहळला. "केवढं राहिलंय लोकांचं!" त्याने गळ्यातला मफलर सोडला, गाड्या एकीला एक बांधल्या आणि वरात घेऊन घराकडे निघाला.

रेवती नुकतीच कामावरून आली होती. तिने दार उघडलं. दारात तीन गाड्या. तीन गोरी बाळं टकामका बघत होती. मागून तीन आया हातात काटेचमचे घेऊन ओरडत पळत येत होत्या.

"मामा! ही कुणाची? आपलं बाळ कुठाय?"

मामाने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. ते तिथेच आहे. झोपलंय ना, हलवू कसं?"