ओलाईच्या राईतला पहिला हंडा

घाटमाथ्यावर ओलाईच्या देवराईत शिरताना डाव्या हाताला एक हिरडा लागतो. त्याचा बुंधा एका अंगाने कोळशासारखा काळा, दुसऱ्या अंगाने हिरवागार. पाहुणे विचारतात, "वीज पडली का हो?" तेव्हा म्हातारे पुजारी हसून सांगतात, "वीज न्हाई, धावजीचा राब."

राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी पाला-शेण पसरून जमीन भाजणे. फार मागे कधी तरी धावजीने भर वैशाखात, टळटळीत उन्हात राब पेटवला, असे सांगतात. "वारा पडू द्या की," बायको चिमाबाई म्हणाली होती. पण बायकोचे ऐकले तर मिशीला कमीपणा! घटकाभरात ठिणग्या उडाल्या, गवत पेटले आणि वणवा राईच्या रोखाने चढू लागला. राईच्या पोटात गावाचे एकुलते एक कुंड. राई जळाली की कुंड आटणार आणि गावाला बिऱ्हाड उचलावे लागणार. धावजीने बोंब ठोकली.

गाव धावून आले. बाया कुंडातून हंडे भरभरून ज्वाळांवर रिकामे करू लागल्या. चर्र व्हायचे, आणि जाळ पुन्हा डोके वर काढायचा. कुंडाचा तळ दिसू लागला.

चिमाबाई मात्र भरला हंडा घेऊन थबकली. तिला आपली चूल आठवली म्हणे. ओली फाटी आणते म्हणून सासू रोज तिचा उद्धार करायची. फाट्याच्या टोकाला पाणी फसफसत राही, आणि ते सगळे वाफ होऊन उडेपर्यंत फाटा काही पेट घेत नसे.

"जाळावर नका वतू!" ती ओरडली. "म्होरल्या पाल्यावर वता!"

"जळतंय हितं अन् पाणी तिथं? येड लागलं का तुला?" पाटील कडाडला.

"वलं लाकूड आधी रडतं, मंग जळतं. त्याला रडत ठेवा!"

आणि तिने आपला हंडा राईच्या कडेच्या वाळल्या पाल्यावर उपडा केला. तिचे बघून बाकीच्या बायांनीही केला. उरलेसुरले पाणी त्या एका पट्ट्यात जिरले. वणवा आला, पाला चुरचुरला, वाफाळला, धुराने डोळे उघडेनात. पण आगीची सारी धग पाणी उडवण्यातच खर्ची पडली. पाला पेटवायला उरलीच नाही. हिरड्याला एका अंगाने चाटून वणवा तिथेच बसला.

धावजी त्या हिरड्याखाली बसून ढसाढसा रडू लागला. चिमाबाई म्हणाली, "रडू द्या. वलं हाय अजून, इतक्यात पेटायचं न्हाई."

गाव खदखदून हसले, पाटीलसुद्धा. धावजीने डोळे पुसले आणि ओलाईला शब्द दिला, की यापुढे राब पेटवण्याआधी पहिला हंडा मी माझ्या डोक्यावरून आणीन.

आजही ज्याचा राब, तो गडी डोक्यावर हंडा घेऊन कुंडापासून हिरड्यापर्यंत येतो. निम्मे पाणी त्याच्याच अंगावर सांडते, आणि बाया वर्षभराचे उट्टे काढून घेतात. उरलेले तो कडेच्या पाल्यावर ओततो आणि मूठभर पाला उचलून पिळतो. पेटती चूड असते बायकोच्या हातात. ती विचारते, "रडलं का?" तो म्हणतो, "रडलं." मगच चूड त्याच्या हाती येते. वारा सुटलेला असेल तर मात्र तो स्वतः रडला तरी ती देत नाही.